कडू न लागलेली पुडी

"मलेरिया आहे," डाक्टर म्हणाले. म्हंजे हिवताप. चंद्रीच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचंवर घेतला, दुर्बिणीतनं बघितला, मग तिच्या डाव्या बरगडीखाली दाबून बघितलं. "स्प्लीन वाढलीय." स्प्लीन म्हंजे पानथरी. "क्विनाईन देता का?"

"देते की. रोज दोनदा."

"मग ताप थांबायला हवा होता," म्हणाले, आन् माझ्याकडं बघतच ऱ्हायले. 

बायांनो, तुमच्या घरात कुणी असं पडलं तर उपेगी पडंल, म्हणून सांगते.

चंद्री माझी थोरली, पाच वर्साची. ताप एक दिवसाआड यायचा, आन् दुपारी गिरणीचा भोंगा झाला की यायचा. भोंग्याच्या जरा आधी ती दाराकडं बघायची. म्हणायची, "आई, ती आली." दारात कुणी नसायचं. नुसतं ऊन. मग तिचे दात वाजायचे, चार वाकळा घातल्या तरी बाज हलायची. तिसऱ्या खेपेपासनं मीबी दाराकडं बघाया लागले.

क्विनाईन म्हंजे हिवतापाची पूड. बाजारात एक औषधाचा पेटीवाला बसायचा, त्याच्याकडनं आणलेली. छापील कागदाची पुडी, वर टोपीवाल्या साहेबाचं चित्र. लई कडू असती म्हणून मी पैल्यापासनं गुळाच्या गोळीत घालून द्यायची. चंद्री तोंड वाकडं न करता गिळायची. आत्याबाई, म्हंजे माझी सासू, शेजारणीला सांगायच्या, "आमची पोर शहाणी. हूं न्हाय का चूं न्हाय." मलाबी बरं वाटायचं.

दवाखान्यातनं आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. धाकटा भिवा दीड वर्साचा, अजून अंगावर पीत व्हता. आत्याबाई म्हणाल्या, "तोड आता ह्याचं दूध, तुझ्या अंगात काय उरलं न्हाय. छातीला लावाया कडूलिंबाचा पाला कशाला वाटतीस? ती पुडी हाय की घरात, तिच्यापरीस कडू काय असतंय?"

मी चिमूटभर पूड पाण्यात कालवून छातीला लावली. भिवा आला, तोंड लावलं, आन् पीतच ऱ्हायला. हसत प्यायला. दुसऱ्या बाजूला घेतलं, तितंबी प्यायला.

मी बोट चाटलं. कडू न्हाय. पाटीवरचा खडू चाटल्यागत. दुसरी पुडी फोडली. तीबी तशीच. 

तेवढ्यात बाजंवरनं चंद्री म्हणाली, "आई, ती आली."

आन् भोंगा झाला.

पुडी पदरात बांधली, कापती पोर खांद्यावर टाकली, आन् भर उन्हात पळत दवाखाना गाठला. डाक्टरांनी पूड जिभंवर ठेवली, थुंकले. "बाई, ह्यात क्विनाईनच नाही. तुम्ही कधी चव घेऊन बघितली नाही?"

 गूळ मीच घातला व्हता.

त्यांनी खरी पूड पाण्यात कालवून पाजली. चंद्री किंचाळली, माझ्या लुगड्यावर ओकली, मला नको नको ते बोलली. डाक्टरांनी परत पाजली. ती रडत व्हती आन् मी त्यांना हात जोडत व्हते. तसं कडू तोंड बघाया मिळालं, त्याचे उपकार मी जन्मभर इसरायची न्हाय. "पोस्टात सरकारी पुड्या मिळतात, तिथलीच आणा," एवढंच ते म्हणाले.

मग तापाच्या पाळीचा दिवस आला. भोंगा झाला. चंद्री दाराकडं बघत व्हती.

"आली का गं?"

"उभी हाय. आत येत न्हाय."

त्याच्या पुढच्या पाळीला म्हणाली, "गेली."

"कुटं?"

तिनं शेजारच्या काशीबाईच्या भिंतीकडं बोट दाखवलं.

परवा त्याच काशीबाईचा गणू तापानं पडला. मी बघाया गेले तर ती कौतुकानं म्हणाली, "लई गुणाचा हाय बघ. गुळाबिगर पूड गिळतोय."

पुडीवर टोपीवाला साहेब व्हता. मी तिचंच बोट धरून पुडीत बुडवलं आन् तिच्या जिभंला लावलं.

ती माझ्या तोंडाकडं बघाया लागली. मी म्हटलं, "ऊठ, पोराला घे." भोंग्याला अजून येळ व्हता.