सेटिंगच्या फाईलवरचा श्री

हसायचं तर आत्ताच हसून घ्या, कारण मी काही माघार घेणार नाही. फजिती झाली, कबूल. पण चूक? बिलकुल नाही!

मस्तगडला आमच्या घरी टीव्हीला जोडून गेम खेळायचं एक जुनं मशीन आहे. बायको त्याला डबा म्हणते. हौशी लोकांनी स्वतः बनवलेले गेम फुकट उतरवून देणारं एक ॲप मी त्यात टाकलं. फक्त, गेम कुठून आणायचे हे सांगणारी छोटी सेटिंगची फाईल आपल्या हातानं लिहावी लागते. लिहिली. डबा म्हणाला, फाईल वाचता येत नाही.

आता तुम्हीच सांगा, इतकं स्वच्छ लिहिलेलं वाचता येत नाही, तर दोष कोणाचा? मी मेमरी कार्ड बदललं. राउटर भिंतीवरून काढून थेट देवघरावर चढवला. इंटरनेटवाल्याला फोनवर असं झापलं, की तो घरी येऊन सगळं तपासून चहासुद्धा न घेता गेला. या गडबडीत बायकोची मालिका बुडाली. तिनं जाहीर केलं, उद्या भंगारवाला आला की डबा त्याच्या गाडीवर. ती बोलली म्हणजे करतेच. माझा जीव खालीवर!

शेवटी टेंभुर्णीहून मेव्हण्याला बोलावलं. दत्ताला यातलं कळतं, आणि कळतं हे तो अख्ख्या तालुक्याला सांगत फिरतो. त्यानं फाईल उघडली आणि हसून हसून खुर्चीतून पडायचाच राहिला.

"दाजी, पहिल्याच ओळीत श्री कशाला लिहिलं?"

"मंग? नवीन काम श्रीशिवाय सुरू करू का?"

आमच्याकडे किराण्याची यादीसुद्धा श्री लिहून सुरू होते, हो!

"मशीनला ते बी सेटिंगच वाटून राह्यलं. पुसून टाका."

"पुसणार न्हाई. डबा गेला भंगारात तर जाऊ दे."

बोललो खरा, पण आतून रडू येत होतं. दत्तानं कपाळावर हात मारला आणि श्रीच्या आधी हॅशची एक खूण टाकली. अशी ओळ फाईलीत राहते, पण मशीन तिच्याकडे बघतच नाही, असं त्याचं म्हणणं. आणि काय सांगू, गेम भराभर उतरायला लागले!

मी छाती फुगवून बायकोकडे वळलो. म्हटलं, बघ, राहिला की नाही माझा श्री?

"राह्यला न," ती शांतपणे म्हणाली. "घरात तुमचं बोलणं राह्यतं तसाच. आपल्या जागी बराबर असतं, फक्त कोणी मनावर घेत न्हाई."