पोपट छापाचे दोन कट्टे

चहा घ्या, पण घोट आधी गिळून घ्या. ठसका लागला तर मी जबाबदार नाही. आणि हसायचं तर माझ्यावरच हसा, कारण गेल्या नवरात्रात मी जो पराक्रम केला त्यात दुसऱ्या कोणाचा काडीचा दोष नव्हता. एवढं कळायला मला चार दिवस लागले, आणि ते चार दिवस मी अख्ख्या आमगावावर चिडलेली होते.

मी बारावी शिकलेली बाई. लग्न होऊन आले तेव्हा आमच्या ह्यांचा कम्प्युटर क्लास होता. पुढे तो बंद पडला, मशिनी माळ्यावर गेल्या. दर दिवाळीच्या साफसफाईत हे विचारणार, "भंगारवाला आला आहे, देऊ का?" आणि दर दिवाळीला आमचं भांडण. ज्या पडद्यावर मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं नाव उमटलेलं पाहिलं, तो किलोच्या भावाने देऊ? शेवटी त्याच रागात मी व्हिडिओ पाहून पाहून सोल्डरिंगचे डाग द्यायला शिकले आणि एकेक मशीन खाली आणून चालती करू लागले. रविवारी गल्लीतल्या चार पोरीही येऊन बसायला लागल्या.

त्यातली दीपाली अकरावीतली. बोलणं कमी, हात मात्र असा स्थिर की सुईत दोरा एका दमात. सगळ्यात जुनी मशीन मी तिच्याकडे दिली होती. माऊस नाही, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. दोन महिने ती त्या मशीनला चिकटून होती. दसरा झाला की शाळेत सगळ्यांना दाखवायची, असं तिने सरांना सांगूनही ठेवलं होतं.

मदरबोर्डवरची बॅटरी फुटून हिरवा गंज चढला होता. आम्ही तो व्हिनेगरने घासला, साध्या पाण्याने धुतला. आता वाळवायचा कसा?

दीपाली म्हणाली, "उन्हात ठेवू जी, मावशी. दोन दिवस."

मी म्हटलं, तांदळात ठेवू.

"तांदळाची भुकटी आत जाते जी."

मी वरून बरं म्हटलं, पण आतून पेटले. धानाच्या रोवणीच्या वेळी ह्यांचा मोबाईल शेततळ्यात, आमच्या बोडीत पडला, पाण्यासकट चिखल प्यायला, तो कोणी वाचवला? तांदळानेच ना? आणि ही सतरा वर्षांची पोर मला शिकवणार? पोरी घरी गेल्या, तेवढ्यात आभाळ आलं. मला निमित्तच मिळालं. माझ्या जुन्या हिरव्या साडीच्या तुकड्यात बोर्ड गुंडाळला आणि स्वयंपाकघरातल्या तांदळाच्या कट्ट्यात, म्हणजे पोत्यात, कोपरापर्यंत हात घालून पुरला. कोणाला सांगितलं नाही. कट्टे दोन होते, एकाच राईस मिलचे. दोन्हीवर पोपट. कोणत्या पोपटाखाली ठेवला ते तुम्ही लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवीच्या मंडळाची मुलं भंडाऱ्याच्या जेवणासाठी तांदूळ मागायला आली. माझ्या पोळ्या चालल्या होत्या. मोठ्या मनाने म्हटलं, "मापं काय मोजता, अख्खा कट्टाच न्या. तो." आणि मागे न बघता लाटण्याने दाखवला.

दोन दिवसांनी बोर्ड काढायला गेले. उरलेल्या कट्ट्यात हात घातला. नाही. परात भरली, नाही. शेवटी चादर अंथरून सगळा कट्टा ओतला. तांदूळच तांदूळ. माझं डोकं असं तापलं की त्यावर भात शिजला असता.

हे हळूच म्हणाले, "देवीला दिला त्या कट्ट्यात गेला नसेल ना?"

"मला माझं लाटणं कळत नाही का? तीस वर्षं पोळ्या लाटते आहे."

हे गप्प बसले. तीस वर्षांत तेवढं ते शिकले आहेत.

मग मी पोलिसासारखा विचार केला. मधल्या दोन दिवसांत आमच्या घरी कोण आलं होतं? दीपाली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात कोण गेलं? दीपाली. तांदळाला विरोध कोणाचा? दीपालीचा. म्हणजे माझं ऐकायचं नव्हतं म्हणून काढून नेला. चप्पल घातली आणि तडक तिच्या घरी. तिची आई कांताबाई अंगणात शिलाई मशीनवर बसली होती. तिच्यासमोरच मी पोरीला म्हटलं, बोर्ड आण.

"मी नाही नेला जी, मावशी." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही तांदळात ठेवला होता का?"

पकडली. मी कोणाला सांगितलं नव्हतं, मग हिला कसं कळलं? आता आठवलं की वाटतं, मला ओळखणाऱ्या कोणालाही कळलं असतं. पण तेव्हा माझ्या लेखी चोर सापडला होता. मी म्हटलं, उद्यापासून माझ्या घरी पाय ठेवू नको.

कांताबाई मशीन थांबवून एवढंच म्हणाली, "ताई, माही पोरगी चोर नाही."

दीपाली रडली नाही. आत गेली, एक वही आणून माझ्या हातात ठेवली. कोणती वायर कुठे बसते, त्याची पानोपानी चित्रं. "जोडताना लागेल तुम्हाला," म्हणाली. आणि मला काय वाटलं असेल? नाटक. मी आणखीच चिडले. घरी येऊन बाकीच्या तीन पोरींनाही रविवारी येऊ नका म्हणून निरोप दिला आणि अवजारांच्या कपाटाला कुलूप ठोकलं.

भंडाऱ्याच्या दिवशी मंदिराच्या शेडमध्ये आम्ही बाया सुपं घेऊन तांदूळ निवडायला बसलो. मी शेजारणीला सांगून राहिले होते, आजकालच्या पोरांवर विश्वास म्हणून ठेवायचा नाही, आपण जीव लावावा आणि यांनी हात मारावा. मुद्दाम मोठ्याने. दोन सुपं पलीकडे कांताबाई बसली होती ना.

कांताबाईने पोपटाचा पुढचा कट्टा सोडला, सुपात तिरपा केला. तांदूळ आले, तांदूळ आले आणि धप्पकन एक हिरवं गाठोडं आलं.

ती साडी मी इतकी वर्षं प्रत्येक हळदीकुंकवाला नेसले होते की शेडमधल्या एकूण एक बाईने आधी गाठोड्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. कांताबाईने गाठ सोडली. बोर्ड सुपात ठेवला, उठली आणि ते सूप माझ्या पुढ्यात आणून ठेवलं.

"ताई, आमच्या तांदरात खडे निंघते. तुमच्या तांदरात कम्प्युटर निंघाला."

बाया हसायला लागल्या. ती हसली नाही.

"आता सांगा, चोर कोन?"

मी म्हटलं, "मी."

दुसरं काय म्हणणार होते? गंजाचा बोर्ड पडलेला तो कट्टा देवीला चालणार नव्हता. घरचा दुसरा आणायला गेले. ह्यांनी तो मुकाट्याने स्कूटरवर चढवला. फक्त ओट्यावरच्या लाटण्याकडे एकदा पाहिलं.

तशीच बोर्ड आणि वही घेऊन दीपालीकडे गेले. दारातच म्हटलं, "चुकलं माय माझं. फार चुकलं."

तिने बोर्ड उजेडात धरला आणि कार्ड बसवायच्या खाचेत फुंकर मारली. पांढरी धूळ उडाली.

"भुकटी, मावशी."

बास. यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिने दातांच्या ब्रशने एकेक खाच साफ केली आणि बोर्ड आपल्या छपरावर दोन दिवस उन्हात ठेवला. मशीन चालली. शाळेत तिने ती दाखवली तेव्हा मी शेवटच्या बाकावर बसले होते, हाताची घडी घालून. रविवारी पोरी पुन्हा येतात. कपाटाला कुलूप नाही.

पण परवा माझा चष्मा सापडेना. सगळीकडे शोधला, डोकं तापलं आणि कोणी घेतला म्हणून विचारायला मी तोंड उघडलं. तिघी पोरी खाली मान घालून काम करत राहिल्या. दीपाली तेवढी उठली, स्वयंपाकघरात गेली आणि सूप आणून माझ्यासमोर ठेवलं.

मी मुकाट्याने तांदळाचा कट्टा सोडला.