सौम्याचा लाल बास

बास गिटार वाजवणाऱ्याकडे कुणी बघत नाही, ही सौम्याची जुनी तक्रार. गाणाऱ्या मुलीकडे सगळे बघतात, तबला-ड्रमवाल्याकडे पोरंटोरं बघतात, कीबोर्डवर रघुराममामा मान हलवत बसलेले असतात, त्यांच्याकडे गावातली मोठी माणसं बघतात. बासवाली उभी असते मागे, स्पीकरच्या शेजारी, डास मारत. बास बंद पडला तर लोकांना काहीतरी बिनसल्यासारखं वाटतं, पण काय ते सांगता येत नाही. तंजावरच्या आसपास कावेरीच्या कालव्यांकाठी जी गावं आहेत, त्यातल्या निम्म्या देवळांच्या उत्सवांत सौम्या वाजवून आली असेल. पण तिला नावाने ओळखणारं माणूस त्या गावांत शोधून सापडायचं नाही.

दिवसा ती एका शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायची आणि संध्याकाळी मामांच्या लाइट म्युझिकच्या ट्रूपमध्ये उभी राहायची. नाव सौम्या असलं तरी स्वभावात सौम्यपणा औषधालाही नव्हता. जळण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता. लहानपणी तिला वीणा शिकायला बसवलं, कारण त्यांच्या तंजावरी मराठी घराण्यातल्या सगळ्या मुली वीणा शिकल्या होत्या. आणि तिचा चुलतभाऊ वरुणराव याला मात्र गिटार मिळाली, कारण त्याने ती मागितली. "मज का नाही?" असं तिने आईला विचारलं तेव्हा आई आंबटीला फोडणी देत होती. "तू कुठे मागितलीस?" एवढंच आई म्हणाली. त्या दिवसापासून वरुणरावाच्या हातातली प्रत्येक वस्तू सौम्याच्या डोळ्यात खुपू लागली.

तिचा पहिला बास तिने मागितला नव्हताच. ट्रूपमधला आधीचा बासवाला दुबईला गेला आणि आपला लाल बास मामांच्या माळ्यावर टाकून गेला. रंगाचे टवके उडालेले, एक खुंटी सैल आणि तिसऱ्या तारेखालचा एक पडदा, दांडीवरची धातूची आडवी पट्टी, उचललेला. त्या पडद्याच्या आधीच्या घरात बोट ठेवलं की तार झर्र करून ओरडायची. दुसऱ्या कुणी तो बास परत माळ्यावर टाकला असता. सौम्याची बोटं वीणेवर वाढलेली. तिने त्या घरात बोट थांबवणंच सोडून दिलं. खालून घसरत यायचं, त्या सुराला नुसतं शिवायचं आणि झर्र व्हायच्या आत वर निसटायचं. नाइलाजाने केलेली ही पळवाट ऐकायला मात्र भलतीच गोड लागायची. साध्यासुध्या सिनेमाच्या गाण्यात मधेच कुणीतरी लाडाने हाक मारल्यासारखं वाटायचं. ट्रूपमध्ये त्याला सगळे 'सौम्याचं वळण' म्हणायचे. ते आलं की मामा कीबोर्डवरून मान न वळवता डावी भुवई वर करायचे. एवढी एकच दाद तिला मिळायची आणि तेवढ्यावर तिचं बरं चाललं होतं.

तेवढ्यात वरुणराव चेन्नईहून नेहमीच्या चारांऐवजी पाच तारांचा बास घेऊन आला. पापनाशमला एक लग्न होतं. "एक दोन गाणी वाजवतों, चालेल?" असं त्याने मामांना विचारलं आणि मामांनी सौम्याला खाली बसायला सांगितलं. त्या बासचं लाकूड मधाच्या रंगाचं, खुंट्या काळ्या, तारांचा आवाज असा भरदार की मांडवाच्या खांबाला हात लावला तर हाताला कळावा. आणि लोक चक्क बासकडे बघत होते! सौम्या मांडीवर लाल बास घेऊन खुर्चीत बसली होती. नवऱ्याकडच्या एका बाईने तिला विचारलंही, "तुमचं काय, तुम्ही गाता?" जेवणाच्या पानावर तिने पायसमला हात लावला नाही.  वरुणराव वाईट वाजवतो हे तिला कळत होतं आणि तरी तो बास चांगलाच वाजत होता. हे दुखणं सगळ्यांत मोठं होतं.

पुढे वरुणराव शिकायला जर्मनीला निघाला आणि जाताना तो बास तिच्या दारात आणून ठेवला. "वाजवत राहा. नुसता ठेवलास तर दांडी वाकेल," म्हणाला. सौम्याने "बघू" असं तोंडदेखलं म्हटलं आणि तो फाटकाबाहेर पडायच्या आत कव्हरची चेन उघडली.

आता लाल बासचं काय करायचं? त्याच सुमारास अखिला नावाची एक मुलगी बास शिकायला येऊ लागणार होती. नुकतीच कॉलेजात गेलेली, वडिलांचं नाव सुंदर, ते पोस्टात कामाला. घरात मराठी बोलायची, फोनवर तमिळ आणि लाजली की इंग्रजी. विद्या सुरू करायची ती विजयादशमीला, हे तंजावरात कुणाला सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी सरस्वतीपूजेला ट्रूपमधली सगळी वाद्यं मामांच्या घरी, नवरात्रात पायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्यांच्या कोलूसमोर ठेवली जातात. त्यांना चंदन-कुंकू लागतं, वर नवं वस्त्र पडतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुनर्पूजा होईपर्यंत त्यांना कुणी शिवत नाही. पूजेनंतर ज्याने त्याने आपलं वाद्य उचलून थोडं वाजवायचं, की वर्षाला सुरुवात झाली.

त्या विजयादशमीला सौम्याने सगळ्यांच्या देखत लाल बास उचलला आणि अखिलाच्या हातात दिला. "हा तुज," ती म्हणाली. सुंदर यांचे डोळे भरून आले. मामांनी मात्र विचारलं, "नीट विचार केलीस ना? आजच्या दिवशी गुरूने दिलेलं परत मागत नाहीत." "कशाला मागेन मी?" सौम्या हसली. सगळ्यांना वाटलं, पोरीने केवढं मन मोठं केलं. खरं सांगायचं तर तिला ते लाल लोढणं गळ्यातून काढायचं होतं.

पाच तारांचा बास घेऊन ती उभी राहिली आणि लोक बघू लागले. प्रत्येक घर स्वच्छ बोलत होतं. जिथे बोट ठेवावं तिथे सूर हजर. इतकी वर्षं चोरासारखं वाजवलं, आता ती ऐटीत बोट रोवून वाजवू लागली. कार्यक्रम संपल्यावर माणसं जवळ येऊन म्हणायची, "काय वाद्य आहे हो!" पहिल्या खेपेला तिला गुदगुल्या झाल्या. पुढेपुढे ऐकताना दात शिवशिवायला लागले. कुणी एकानेही "काय वाजवतां हो" म्हटलं नव्हतं. निर्जीव लाकडाचा मत्सर करायची पाळी आली, आणि सौम्याने तोही मनापासून केला. मामांची भुवई तर हललीच नव्हती. तिने एकदा न राहवून विचारलं, "कसं वाजतंय?" मामा म्हणाले, "अस्कं नीट वाजतंय." सगळं नीट! इडली नीट झाली म्हणतात, तसं.

चैत्रातल्या उत्सवात ओरत्तनाडूच्या पलीकडे एका गावी कार्यक्रम होता. शाळेत परीक्षा होत्या, सौम्याला निघायला उशीर होणार होता, म्हणून पहिल्या गाण्यांना अखिलाने उभं राहायचं ठरलं. बस कालव्यापाशी थांबली. पाच तारांचा बास पाठीवर घेऊन सौम्या नारळीच्या बागेतून देवळाकडे चालू लागली, आणि वाऱ्यावरून तिला तो आवाज आला. खालून घसरत आलेला, सुराला शिवून वर निसटलेला. तिचं वळण. तिचं स्वतःचं वळण, दुसऱ्याच्या हातून, लाल बासवर.

ती स्टेजच्या मागे पोचली तेव्हा मामांची डावी भुवई वर होती. सौम्याच्या अंगाचा तिळपापड झाला. काल आलेली पोर! अजून उभं राहताना पट्टा खांद्यावरून घसरतो हिचा! पण थोडी थंड झाल्यावर तिने मनाशी हिशेब जुळवला. अखिलाला कसलं यायचंय वळण? ते त्या बासचं आहे. तो उचललेला पडदा जो कुणी वाजवेल त्याला तेच करायला लावणार. म्हणजे इतकी वर्षं भुवई वर होत होती ती बासला, सौम्याला नाहीच. हे मनात आलं तेव्हा ती स्टेजमागच्या पायरीवर बसली. तिला रडू आलं.

त्या दिवसापासून तिला एकच ध्यास लागला, लाल बास परत हवा. मागता तर येत नाही. मग आडून आडून सुरू झालं. "जुना झालाय ग तो, तुज दुसरा बघूया." अखिला म्हणाली, "नको अक्का, तुमच्या हातचा आहे." "जड नाही होत?" "सवय झाली." शिकवताना सौम्या तो बास मागून घ्यायची, "दे, दाखवतों," म्हणायची आणि दाखवून झाल्यावरही बराच वेळ मांडीवरून उतरवायची नाही. अखिला समोर बसून तिच्या बोटांकडे टक लावून बघायची. परत देताना सौम्या तिच्या चुका काढायची. बसणं चुकलं, मनगट चुकलं, नखं वाढली. मुलगी बिचारी रोज नखं कापून येऊ लागली. आपण क्षुद्रपणा करतोय हे सौम्याला कळत होतं आणि कळूनही ती थांबत नव्हती.

पुन्हा सरस्वतीपूजा आली. वाद्यं मामांकडे मांडली गेली, चंदन लागलं, पिवळं वस्त्र पडलं. विजयादशमीच्या सकाळी सौम्या सगळ्यांच्या आधी पोचली. मामा आंघोळीला गेले होते. स्वयंपाकघरात सुंडलचे चणे शिजत होते आणि कोलूच्या खोलीत कुणी नव्हतं. पुनर्पूजा व्हायची होती. अशा वेळी वाद्याला हात लावणं म्हणजे काय, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. एकदा वीणेला नुसतं बोट लावलं म्हणून आईने दिवसभर अबोला धरला होता. तरी तिने वस्त्र बाजूला केलं आणि लाल बास मांडीवर घेतला. वळण त्याचंच आहे, ही कबुली तिला त्याच्या तोंडून हवी होती. तिने मुद्दाम त्याच घरात बोट रोवलं, जिथे ती कधी थांबली नव्हती, आणि तार छेडली.

झर्र झालंच नाही. सूर स्वच्छ आला, गोल, खणखणीत.

तिने पुन्हा छेडली. पुन्हा स्वच्छ.

"अक्का, काय करतां! पूजा नाही झाली अजून!" दारात अखिला उभी होती, हातात जुईच्या फुलांची परडी घेऊन. सौम्याच्या बोटाला बासवरचं चंदन लागलं होतं. लपवायला जागाच नव्हती.

"हा पडदा कुणी नीट केला?" तिने विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"अप्पांनी. पोंगलला," अखिला भीतभीत म्हणाली. "एक पडदा उचललाय असं मी म्हटलं, तर ते वीणा करणाऱ्यांकडेच घेऊन गेले. वीणावाले हसले, पण बसवून दिला. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. चुकलं का?"

पोंगल म्हणजे जानेवारी. ओरत्तनाडूच्या पलीकडचा तो उत्सव एप्रिलमधला. तेव्हा बास आधीच बरा झाला होता. त्यानंतर सौम्याने तो कितीदा मांडीवर घेतला होता, आणि तिला पत्ता लागला नव्हता, कारण तिचं बोट त्या घरात कधी टेकलंच नव्हतं.

"मग तू तिथे घसरत का येतेस?" सौम्याचा आवाज चिरकला. "सरळ बोट ठेव ना. आता वाजतंय की तिथे."

अखिला गोंधळली. "तुम्ही तसं वाजवतां म्हणून. दाखवताना दर वेळी तुम्ही खालून येतां. मज ते येईचना, घरी बसून बसून केलं. तसंच वाजवायचं असतं ना?"

 सहा महिने सौम्या ज्याच्यावर जळत होती ते तिचंच होतं. तिनेच शिकवलं होतं, मांडीवरून बास उतरवायला जिवावर येत असताना. तिला हसूही आलं आणि लाजही वाटली, आणि मुलीच्या कापलेल्या नखांकडे बघवेना. तिने बास जागेवर ठेवला. अखिलाने परडी खाली ठेवून पुसलेला चंदनाचा ठिपका पुन्हा लावला, वस्त्र सारखं केलं आणि मामा बाहेर आले तेव्हा दोघी शहाण्यासारख्या फुलं वेगळी करत बसल्या होत्या.

पूजा झाली, कापूर फिरला, ज्याने त्याने आपापलं वाद्य उचललं. अखिलाने लाल बास घेतला. सौम्याने पाच तारांचा घेतला. वर्षभर तो तिच्याकडे होता, पण तो वरुणरावाचा बास म्हणूनच ती वाजवत आली होती, उसनी साडी नेसल्यासारखी, कुठे डाग पडू नये म्हणून जपत. मामांनी कीबोर्डवर सुरुवात केली. ते घर आलं. तिथे कसलाही अडथळा नव्हता, सरळ बोट ठेवलं असतं तरी चाललं असतं. सौम्याने बोट खालून आणलं. सुराला शिवलं. वर निसटलं. पाचव्या जाड तारेने खालून असा काही हुंकार दिला, की लाल बासवर ते वळण कधी इतकं भरून आलं नव्हतं. मामांची डावी भुवई वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही.

हाच, सौम्याला वाटलं. हाच माझा.

तिने वर पाहिलं. समोर अखिला वाजवायचं विसरून, लाल बास पोटाशी धरून, पाच तारांच्या बासकडे बघत होती. सौम्याने ती नजर तत्क्षणी ओळखली. पापनाशमच्या मांडवात खुर्चीवर बसून ती स्वतः अशीच बघत होती. तिला मुलीची दया आली, अगदी खरी दया आली. आणि तिने आपला बास हळूच जवळ ओढून घेतला.