नानांनी ऐकलेला फोटो

गेल्या रविवारी धुळ्याला गेले होते, एक जुनी लेन्स बघायला. आल्यापासून ते डोक्यातून जात नाहीये... म्हणून लिहितेय.

मी जळगावला कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. सुट्टीच्या दिवशी मेहरूण तलावावर पक्ष्यांचे फोटो काढते. लांबच्या पक्ष्यासाठी मोठी लेन्स लागते आणि नवी मला परवडत नाही.

गेल्या वर्षी ऑनलाइन एकाने "ताई, बदली झालीय, लगेच द्यायचीय" असं सांगून माझ्याकडून अ‍ॅडव्हान्स घेतला आणि फोन बंद केला. तेव्हाच ठरवलं... माणूस भेटल्याशिवाय आणि वस्तू हातात घेतल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

या वेळची जाहिरात धुळ्यातल्या देवपूरची होती. तीन फोटो, तिन्ही वाकडे. एकात अर्धीच लेन्स, एकात कुणाचं तरी बोट. सीरियल नंबरचा फोटो पाठवा म्हटलं, तर फोनवरच्या वयस्कर आवाजाने अख्खा नंबर तोंडपाठ सांगितला. माझा संशय आणखीनच वाढला.

म्हणून मैत्रिणीला, संगीताला, सोबत घेतलं. तिचं माहेर धुळ्याचं. ती म्हणाली, "दिवसाउजेडी जाऊ आणि त्यांच्या घरीच जाऊ. शेजारीपाजारी विचारता येतं."

दार फोनवरच्या त्या नानांच्या बायकोने, अक्कांनी, उघडलं. आत अंगणात खुर्चीवर नाना बसले होते... सत्तरीचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी नमस्कार केला, पण माझ्या जरा बाजूला बघून.

"काचबिंदूने नजर गेली त्यांची," अक्का म्हणाल्या. "चार वर्षं झाली. जाहिरातीचे फोटो पण स्वतःच काढले. म्हणे, जन्मभर मीच काढले, आता दुसऱ्याला कशाला सांगू?"

नानांचा फोटो स्टुडिओ होता. लग्नं, शाळांची गॅदरिंग, खेळांच्या स्पर्धा... ही लेन्स त्यासाठीच घेतलेली. मला माझ्या संशयाची लाज वाटली. पण नानाच म्हणाले, "तुमची काय तपासणी असेल ती पूर्ण करा. संकोच नको. बठ्ठं देखी ल्या, सगळं बघून घ्या."

मग मी सगळं केलं. टॉर्च मारून आत बुरशी आहे का बघितलं, बिलावरचा नंबर लेन्सवरच्या नंबराशी ताडून पाहिला. लेन्स माझ्या कॅमेऱ्याला लावली आणि समोरच्या गच्चीवरच्या टाकीचे पाच-सहा फोटो काढले. सगळं ठीक होतं.

शेवटी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन नानांचाच एक फोटो काढला.

"हलला," नाना म्हणाले.

"काय हलला, नाना?"

"फोटो. शटर हळू पडलं. साठच्या खाली असणार. एवढी मोठी लेन्स हातात धरून त्या स्पीडला जमत नाही."

मी स्क्रीन बघितली. चाळीस, म्हणजे सेकंदाचा चाळिसावा भाग. फोटो मोठा करून पाहिला, तर चेहरा खरंच हललेला. संगीता माझ्याकडे बघतच राहिली.

"डोया गयात... कान शेतस अजून," नाना हसून म्हणाले.

मग मी आकडा न सांगता स्पीड बदलून शटर दाबत गेले आणि ते ओळखत गेले. "हे तीस... हे पंधरा... हे तर पाव सेकंद." एकदा म्हणाले, "हे अडीचशेच्या वरचं. तिथून पुढे मला फरक कळत नाही." इतकी वर्षं मी कॅमेरा वापरतेय... तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

मी म्हटलं, "नाना, लेन्स घेतली मी."

"थांबा. इकडे द्या." त्यांनी लेन्स कानाशी धरली आणि फोकसची रिंग सावकाश फिरवली. एका जागी थांबले. "इथे ऐका."

मी ऐकलं. काहीच नाही. संगीतानेही ऐकलं... काहीच नाही.

"आत एक स्क्रू सैल झालाय. कपाटातून काढली तेव्हाच कळायला हवं होतं मला. आधी माझ्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे दाखवून या, मग पैशांचं बघू."

मी म्हटलं, माझं ओळखपत्र तरी ठेवून घ्या. त्यांनी हातानेच नको म्हटलं. ज्या बाईने सीरियल नंबरासकट सगळं दोनदा तपासलं, तिच्या हाती त्यांनी लेन्स तशीच देऊन टाकली.

दुरुस्तीवाल्याने मागची बाजू उघडली. चारपैकी एक स्क्रू सैल होता... अगदी अर्धा फेरा. तो घट्ट करत म्हणाला, "नानांनी पाठवलं म्हणजे असणारच."

परत आलो, व्यवहार झाला, अक्कांनी चहा दिला. निघताना मी नानांचा आणखी एक फोटो काढला... या वेळी शटर नीट ठेवून.

"काय आलंय?" त्यांनी विचारलं.

"छान आलाय."

"छान नको. काय आलंय ते सांगा."

मी सांगायला लागले. ऊन डावीकडून येतंय. शर्टावर कुंपणाच्या गजांची सावली आहे. उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आहे. "आणि मागे?" त्यांनी विचारलं. मी फोटोत त्यांच्या मागे बघितलं... तेव्हा कुठे मला दिसलं.

"मागे दारात अक्का आहेत. जरा धूसर आल्यात."

"काय करतेय ती?"

"तुमच्याकडे बघताहेत."

नानांनी दाराच्या दिशेने मान वळवली. मग हळूच म्हणाले, "तो फोटो ठेवा. पुसू नका."

हजारो फोटो असतील माझ्याकडे. पण एखादा फोटो शेवटच्या कोपऱ्यापर्यंत बघितला तो पहिल्यांदा त्या दिवशी... आणि तोही ज्यांना दिसत नाही, त्यांनी बघायला लावला म्हणून.