घासलेली बाटली
घरात लसणाची फोडणी पडली की मी अंगणात जातो. बायको म्हणते, नाक फार मोठ्या घरचं आहे. मी एका ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माता होतो, तेव्हा कपाशीवर फवारणी करताना कोसळलेल्या मजुराला त्याच्या बायकोने आणलं. तो घामाने निथळत होता, तोंडातून लाळ गळत होती. फवारणीच्या औषधाची बाटली मागितली, तर तिने पदराखालून लख्ख बाटली काढली. लेबलसुद्धा उरलं नव्हतं. "दवाखान्यात घाण बाटली कशी आणू जी? राखेनं घासली." मी त्याचा सदरा हुंगला. लसणासारखा उग्र वास होता. विष कोणत्या प्रकारचं आणि त्यावर कोणतं इंजेक्शन, ते मी डॉक्टरांना सांगितलं. "तुम्ही खिडकीतून गोळ्या द्या, निदान माझ्यावर सोडा," म्हणत त्यांनी वर्ध्याच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते पाऊण तासाने फोनवर आले आणि त्यांनी तेच इंजेक्शन सांगितलं. मी ते भरून आणलं, तेव्हा तो गेला होता. पुढे रुग्णालयातल्या एका सत्कार समारंभात विषबाधेच्या उपचारातल्या औषधनिर्मात्याच्या मोलाच्या भूमिकेवर भाषण झालं आणि मला शाल मिळाली. भाषण त्याच डॉक्टरांचं होतं. ती बाई मात्र त्या दिवशी नवऱ्याला नेताना मलाच विचारत होती, "अजून घासाले पायजे होती का जी बाटली?"