अंगठे धरलेले मास्तर

करीममास्तर गेल्याची बातमी मला गेवराईच्या बैलबाजारात कळली. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे बहिणीकडे होतो. सांगणारा सोपान आमच्या शाळेच्या गावचा. एका बैलाच्या तोंडात बोटे घालून तो दात पाहत होता, आणि बोटे न काढताच म्हणाला, "तुमचे मोठे मास्तर गेले की परवा. दुपारच्याला आडवे झाले, ते उठलेच न्हाईत." मग बैलाचे तोंड मिटवून म्हणाला, "सहादाती हाय." मला संताप आला. एका शिक्षकाचा मृत्यू आणि बैलाचे दात एकाच श्वासात... या विषयावर मी तिथेच उभा राहून बोलणार होतो. पण सोपान किंमत न विचारताच पुढे निघाला आणि धोतराला हात पुसत पुसत बाजाराच्या पार टोकापर्यंत गेला. तेव्हा आठवले, तोही करीममास्तरांच्याच हाताखाली शिकलेला.

तीन वर्षांपूर्वी मी अंबाजोगाईहून त्या गावी दुय्यम मास्तर म्हणून गेलो, तेव्हा माझी वळकटी लहान आणि ट्रंक मोठी होती. ट्रंकेत पत्रके होती, नगरच्या बाजूने धान्याच्या पोत्यांतून निजामाच्या हद्दीत येणारी. ती मला तोंडपाठ होती, आणि त्यांच्या जोरावर जग सहा महिन्यांत सुधारेल असा माझा हिशेब होता. करीममास्तर पन्नाशी उलटलेले, बुटके, पायांत कायम करकरणारा जोडा. घरी ते दखनी बोलत, शाळेत पोरांशी पोरांचीच भाषा. हजेरीला उर्दूतून 'हाजिर' म्हणावे असा खात्याचा दंडक. ज्या भाषेत पोराची आई त्याला हाक मारत नाही, त्या भाषेत त्याला 'मी आहे' म्हणायला लावणे हा जुलूम आहे, असे मी चार पानी लिहिले होते. करीममास्तरांनी काहीच लिहिले नव्हते. त्यांची पोरे 'हाय' म्हणत, आणि ते पुढचे नाव घेत.

पहिली सुट्टी संपत आली तसा मी एक निबंध लिहिला : 'नव्या वर्षाचा आरंभ कसा करावा, अर्थात शिक्षकाची सात कर्तव्ये'. तो त्यांना वाचून दाखवला. हातातली विडी विझून गेली तरी ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "लई चांगलं लिवलं, बाबा. पण ह्यात पोरं कुठं हायेत?"

मी कागद चाळले. समाज होता, देश होता, अज्ञानाचा अंधार तर प्रत्येक पानावर होता. पोरे नव्हती. माणूस असा उघडा पडला की चिडतो. मीही चिडलो, आणि त्यांच्या पद्धतीवर घसरलो.

त्यांची पद्धत सांगायला हवी. वर्षाच्या पहिल्या दिवशी ते हजेरीच्या बुकात सर्वांत वर स्वतःचे नाव लिहीत, आणि हजेरी पोरे घेत. मग परीक्षा, पण मास्तरांची. प्रत्येक पोराने आपल्याला येते असे एक काहीतरी मास्तरांना विचारायचे. उत्तर चुकले की मास्तरांनी पोरांपुढे वाकून पायाचे अंगठे धरायचे. पुस्तकाला त्या दिवशी हात नाही. शिवाय एक कायदा : प्रत्येकाला एक जोडीदार. जो विनाकारण गैरहजर राहील, त्याच्याऐवजी जोडीदाराने पोरांपुढे अंगठे धरायचे. त्यामुळे पोरे एकमेकांना ओढून शाळेत आणत. मी म्हणालो, गुरूने शिष्यापुढे वाकायचे, ही विटंबना आहे. समतेवरची पत्रके माझ्या ट्रंकेत होती, पण त्यांत कोणी असे वाकलेले नव्हते.

करीममास्तर हसले आणि म्हणाले, "बरं. औंदा तुमच्या परीनं."

माझ्या परीने पहिल्या दिवशी मी भाषण केले. सावली एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाईपर्यंत केले. दुसऱ्या दिवशी शाळेत नऊ पोरे आली. तिसऱ्या दिवशी सहा, त्यांतली दोन विसरलेली पाटी परत न्यायला आलेली. आणि आठवड्याने खात्याचे नाजरसाहेब तपासणीला येणार होते. पटावरची पंचवीस पोरे डोळ्यांनी दिसली नाहीत तर शाळा उठवून मोठ्या गावाला न्यायची, असा लेखी हुकूम होता. मोठे गाव चार कोसांवर. एवढे चालून एकही पोर जाणार नाही, हे मला पत्रकांशिवायही कळत होते.

मी घरोघर हिंडलो. पेरणीची सबब बहुतेकांनी सांगितली. धनगरवाड्यात लिंबा नावाच्या पोराच्या आईने मात्र शेण थापता थापता खरे सांगितले. "रुसलंय ते, मास्तर. उन्हाळाभर सवाल हुडकत हिंडलं. म्हाताऱ्यांना इचारलं, शेळ्या राखणाऱ्यांना इचारलं. मोठ्या मास्तरला आडवायचंच म्हनं औंदा. अन् तुमी इचारूच दिलं न्हाई."

असे फक्त लिंबाचे नव्हते. सारा उन्हाळा गावभरची पोरे एकच धडा शोधत होती : मास्तरांना न येणारे काय आहे? तेवढ्यासाठी ती ऐकत होती, पाहत होती, पाठ करत होती. आणि मी त्यांच्यापुढे अज्ञानाचा अंधार या विषयावर बोललो होतो.

संध्याकाळी मी करीममास्तरांकडे गेलो आणि खाली मान घालून म्हणालो, तुमची परीक्षा होऊ द्या. ते म्हणाले, "माझ्या एकट्याची न्हाई. आता तुमीबी बसा." आणि बुकात स्वतःच्या नावाखाली माझे नाव लिहून पुढे 'जोडीदार' असे घातले.

भाषणराव मास्तर अंगठे धरणार, ही बातमी गावात फिरली. भाषणराव म्हणजे मी. ठरल्या दिवशी पोरे आलीच, त्यांचे काकाही आले. पहिला सवाल : मोटेचा बैल मागं सरताना आधी कोणता पाय टाकतो? मी चुकलो. दुसरा : सुगरणीच्या खोप्याचं तोंड कोणत्या बाजूला? चुकलो. तिसऱ्याला मी 'सापेक्ष' असा शब्द वापरला, तेव्हा दारातून एक काका म्हणाला, "वाका आता, लई झालं."

मी वाकलो. रक्त डोक्यात उतरले, टोपी पडली. लाजेने मरायचेच काय ते बाकी होते. शेजारी करीममास्तरही एक सवाल चुकून केव्हाच वाकलेले. त्यांचा उलटा चेहरा माझ्याकडे वळला. ते आवाज न करता हसत होते. हळूच म्हणाले, "वाकलं म्हंजे तोंड दिसत न्हाई, बाबा. खुशाल हसा."

त्याच क्षणी नाजरसाहेब दारात उभे राहिले. शेरवानीची सगळी बटणे लावलेली, मागे पट्टेवाला. करीममास्तर तसेच वाकलेल्या स्थितीत म्हणाले, "आदाब साहेब. परीक्षा चालू हाय."

पाळी लिंबाची होती. दोन्ही मास्तर गुंतलेले पाहून त्याने मोकळ्या माणसाकडे पाहिले. "तुमी सांगा. शेळीला वरच्या जबड्यात फुडं दात किती?"

साहेब गडबडले. मग अधिकाराने म्हणाले, "आठ."

"एकबी न्हाई," लिंबा म्हणाला. "धरा अंगठे."

शाळा गेली, असे मला वाटले. साहेबांनी शेरवानीकडे पाहिले, लिंबाकडे पाहिले, आणि बोटाने पोरे मोजू लागले. एकतीस भरली. बुकात सही करून ते निघाले, पण उंबऱ्याशी थांबून करीममास्तरांना हळू आवाजात विचारले, "सच्ची? एक भी नहीं?"

"सच्ची साहेब. फुडं एक भी नहीं."

शाळा राहिली. माझा निबंध मी फाडला, असे लिहिले तर छान वाटेल; पण तो अजून ट्रंकेत आहे. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर मी पोरांचे सवाल उतरवून ठेवतो.

गेल्या आठवड्यात शाळा उघडली. मयताचे नाव बुकातून काढावे असा खात्याचा नियम आहे. मी ते यंदाही सर्वांत वर लिहिले, खाली जोडीदार म्हणून माझे; ते काढणार नाही, हे इथे उघड सांगतो. हजेरी लिंबाने घेतली. वरचे नाव त्याने वाचले, "करीममास्तर?"

कोणीतरी म्हणाले, "न्हाई."

लिंबाने बुकावरचे बोट खाली सरकवले. मग खालची ओळ वाचून माझ्याकडे वळला. "जोडीदार तुमी हाय," तो म्हणाला.

मी टोपी काढून ठेवली, पोरांपुढे गेलो आणि अंगठे धरले. शेजारची जागा मोकळी होती. पोरे हसली, पण कोणी मला उठा म्हटले नाही. मीही घाई केली नाही. वाकले म्हणजे तोंड दिसत नाही.