सगुणावहिनीची हाक

फोन दुपारी आला. ऊर्जानगरच्या, म्हणजे वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या, क्वार्टरमध्ये मी ड्युटीवर निघायच्या तयारीत होतो. पलीकडून दादा एवढंच म्हणाला, "तुही वयनी गेली रे..." आणि मग नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला. चार दिवसांचा ताप, मेंदूत शिरलेला मलेरिया. गळ्यातल्या नळीचा त्यात काही दोष नव्हता, हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण तेव्हापासून जो भेटतो तो मान हलवून विचारतो, "नळीनंच नेलं ना शेवटी?" नाही. त्या नळीनं तिला दहा वर्षं चालवलं.

कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून आमचं गाव. दादा तलावात जाळं टाकायचा आणि सगुणावहिनी मासे विकायची. डोक्यावर टोपली आणि तीन गावांची पायी फेरी. तिची हाक अशी, की पहिल्या घरापाशी दिली तर शेवटच्या घरातली बाई ताट घेऊन बाहेर यायची. मग तिच्या गळ्यात गाठ वाढली, नागपूरला ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण घशातल्या आवाजाच्या दोन्ही पट्ट्या मिटल्यासारख्या अडकून बसल्या. श्वास आत जायला वाटच उरली नाही, म्हणून डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून नळी बसवली. जीव वाचला, हाक गेली. नळीवर बोट दाबलं तर चार शब्द फुटायचे. पण खवल्यांनी माखलेलं बोट तिथं लावणार कसं?

सुट्टी काढून मी गावी गेलो आणि मोठ्या शहाणपणानं तिला म्हणालो, "वयनी, आता घरीच बसा. दादा आहे, मी आहे. तुमाले कमी काय आहे?" तिनं पदराला हात पुसले, नळीवर बोट ठेवलं. "भाऊजी, तुमच्या पावरहाऊसचा भोंगा बंद करून ठेवला, त चालन का?"

पुढं नागपूरच्या डॉक्टरबाईंनी नळीवर लावायची एक लहानशी झडप मिळवून दिली. श्वास घेताना ती उघडते, सोडताना मिटते, आणि हवा वरच्या वाटेनं घशातून बाहेर पडते. बोट न लावता बोलता येतं. झडप बसवून बाई म्हणाल्या, "बोला." वहिनी म्हणाली, "काय बोलू?" आणि स्वतःच्याच आवाजानं दचकून इतकी हसली, की तिला खोकला आला... मग बाईंनी घड्याळ लावून तिला व्हरांड्यात चालवलं, एकदा झडपेविना, एकदा झडपेसह. झडप असली की सोडलेला श्वास त्या अरुंद वाटेत अडायचा, दम लागायचा, फेऱ्या कमी व्हायच्या. बाई म्हणाल्या, "चालताना काढून ठेवा, बोलताना लावा."

"आवाज देत देतच चाला लागते मले, बाई. दोनी येगयेगळं कसं करू?"

बाईंनी घड्याळ बंद केलं. मग म्हणाल्या, "मग सवय करावी लागेल. हळूहळू. छाती भरून आली की झडप लगेच काढायची. कबूल?"

कबूल केलं, आणि पाळलंही. रोज सकाळी तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, झडप लावून चालायची. पहिल्या आठवड्यात पाळीवरच्या मोहाच्या झाडापर्यंतसुद्धा पोचली नाही. मध्येच उकिडवी बसायची, झडप काढून मुठीत धरायची, पुन्हा उठायची. दादा मागून पाण्याची बाटली घेऊन. "पुरे कर ना आता," तो म्हणायचा. ती हातानंच त्याला गप्प करायची, कारण बोलण्यात श्वास घालवायचा नव्हता. झाड ओलांडलं, पाळ संपली, मग रिकामी टोपली, मग अर्धी, मग भरलेली. पावसाळा सरला, हिवाळा आला आणि ती फेरीला निघाली. त्या दिवशी मी सोबत होतो. पहिल्याच दारात एका माणसानं तिच्या गळ्याकडे बघून ताट मागं घेतलं. "नोको बाई, बिमारी लागन."

"हवेचं भोक आहे हे, बिमारीचं नाई," वहिनी म्हणाली. "आन मासा तलावातला आहे, माह्या गळ्यातला नाई." पुढच्या दारातली बाई फस्सकन हसली आणि तिनं दोन मरळ मासे घेतले.

हाक पहिल्यासारखी नव्हती. जाडीभरडी, मध्ये सुस्कारा असलेली. पण तीच फेरी, तीच तीन गावं, दहा वर्षं.

दहाव्याला आमची एक आत्या डोळे पुसत म्हणाली, "सुटली बिचारी." मला राग आला. सुटायचं कोणाला होतं?

परवा पुन्हा गावी गेलो. दादा आता स्वतःच टोपली घेऊन जातो. सायकलला बांधतो, डोक्यावर घेत नाही. जन्मात कधी तो मोठ्यानं बोललेला नाही. पहिल्या घरासमोर सायकल उभी करून तो पुटपुटला, "मासे... मासे घ्या." कोणी आलं नाही. पुन्हा तसंच पुटपुटला. तेवढ्यात आतून एका बाईचा आवाज आला, "जोरानं बोला ना भाऊ! तिले त नळी होती, तुमाले काय झालं?"

दादा माझ्याकडे बघून हसला. ती गेल्यापासून पहिल्यांदा. मग त्यानं छाती भरून श्वास घेतला.